खोळ झाली पाहिजे

मामांना कमी ऐकू येतं, अशी आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांची समजूत होती. दौंडच्या लोकोशेडमध्ये फिटर म्हणून उभी हयात गेलेली, इंजिनांच्या पोटात शिरून हातोडे मारलेले, तेव्हा कान काय शाबूत राहणार, असं जो तो म्हणायचा. कुणी त्यांच्यासमोर हळू बोललं की मामा डावा हात कानाला लावायचे आणि म्हणायचे, “आवाज आला न्हाई. परत म्हण.” समोरचा मग घसा खाकरून तेच जरा मोठ्यानं म्हणायचा. पण शेडच्या पार दुसऱ्या टोकाला एखाद्या पोरानं लेथवर चुकीचा गिअर टाकला, तर तो आवाज मामांना पाठमोरे असतानाही बरोबर ऐकू यायचा. मी चार वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं आणि ते खरोखर बहिरे होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. एवढंच सांगते की दबून बोलणाऱ्यांचं त्यांना काही ऐकू यायचं नाही आणि भांडणाऱ्यांचं सगळं ऐकू यायचं.

शिरूरच्या बाजारामागे पत्र्याच्या दोन शेडमध्ये आमची संस्था होती. रांजणगावला कंपन्या उभ्या राहत होत्या आणि आसपासच्या गावांतली पोरं फिटिंग, वेल्डिंग शिकून कंपनीत चिकटायचं म्हणून आमच्याकडे यायची. मी नुकताच डिप्लोमा करून तिथं ड्रॉइंग शिकवायला लागले होते. वर्कशॉपमध्ये बाई म्हणून मी एकटी. मामा रेल्वेतून रिटायर होऊन आलेले, रोज दौंडहून एसटीनं यायचे. मला ते ‘ड्रॉइंगबाई’ म्हणायचे. मी पुस्तकी, शुद्ध मराठी बोलायची, त्याची त्यांना फार गंमत वाटायची. मी काही सांगितलं की आजूबाजूच्या पोरांना म्हणायचे, “ऐका रे, पुस्तक बोललं.”

सकाळी आल्याबरोबर ते सगळ्यांना जय भीम घालायचे. शिपायाला, प्राचार्यांना, पुण्याहून कुणी साहेब आले असले तर त्यांना, आणि सगळ्यांत शेवटी लेथ मशीनला. मगच मशीनचं बटण दाबायचे. काही जण उलट जय भीम म्हणायचे, काही नुसती मान हलवायचे, काही नमस्कार म्हणायचे. मी नमस्कार म्हणणाऱ्यांतली. मामांनी त्यावरून कधी कुणाला बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच खड्या आवाजात जय भीम यायचाच.

त्यांचं खरं वैर होतं ‘लाभार्थी’ या शब्दाशी. सरकारी प्रशिक्षणाचा हजेरीचा तक्ता आला की मामा पट्टी घेऊन त्या शब्दावर रेघ मारायचे. फिटरची रेघ ती, केसाएवढीही वाकडी नाही. वर निळ्या शाईनं लिहायचे, ‘मालक’. प्राचार्यांना सगळा तक्ता पुन्हा टाइप करून घ्यावा लागायचा आणि ते भयंकर चिडायचे. मामा शांतपणे म्हणायचे, “लाभ कुणाचा झाला ते काम झाल्यावर कळंल की, सर. आधीच कसं छापता?”

आणि टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. टेप खिशात असायची, पण आधी माणूस उभा करायचे. कँटीनच्या मावशींना ओटा करून द्यायचा होता, तर मामांनी त्यांना भिंतीपाशी उभं केलं आणि हवेत भाकरी थापायला लावली. मावशी लाजून लाल. पोरं खिदळतायत. मावशींचे तळहात जिथं येत होते तिथं मामांनी खडूनं रेघ मारली आणि म्हणाले, “हे माप. आता लागंल तर टेप लावा.” त्या ओट्यावर काम करताना मावशींची कंबर दुखायची थांबली, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मामांची पुढची कळणार नाही.

वडगाव रासाईच्या अंगाला, भीमेच्या काठी आमची धनगरांची वस्ती. बहुतेक घरं कधीच शेतीला लागली होती. दोनच घरांनी मेंढरं ठेवली होती, आणि माझे वडील, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे, घोंगड्या विणायचे. जमिनीत खोल खड्डा, त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. आमच्या घरात कायम लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास असायचा. डिप्लोमाला शिरूरात राहायला गेले तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर तो वास कपड्यांतून जाईपर्यंत कपडे धुतले. “वडील काय करतात?” असं कुणी विचारलं तर मी “शेती” सांगायची. ते खोटं नव्हतं. अर्धं खरं मात्र होतं, आणि ते अर्धं सांगताना माझा आवाज आपोआप खाली यायचा.

पण लपवलेलं कधीतरी उघडं पडतंच. ड्रॉइंगबोर्ड पुसायला मी घरून जुन्या घोंगडीचा तुकडा आणला होता. लोकरीइतकी धूळ दुसरं काही धरत नाही, म्हणून आणला. मामांनी एक दिवस तो उचलला आणि त्याचा काठ दोन बोटांत धरून चोळत राहिले.

“हे कुणाच्या हातचं?”

“बाजारातून आणलंय.”

“आवाज आला न्हाई.”

“बाजारातून आणलंय!”

“मोठ्यानं बोललं म्हंजी खोटं खरं होत न्हाई, ड्रॉइंगबाई. हे बघ. एक ओळ घट्ट, एक ओळ सैल. पुन्यांदा घट्ट, पुन्यांदा सैल. विणणाऱ्याचा एक पाय पावडीवर पुरता दबत न्हाई. गुडघा गेलाय त्याचा.”

आप्पांचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून गेलेलाच होता.

त्या रविवारी मामा वस्तीवर हजर. पत्ता कुणी दिला, विचारलंच नाही. आप्पा खड्ड्यात बसले होते. बाहेर यायचं तर वर आढ्याला बांधलेला कासरा धरायचा आणि आईनं काखेत हात घालून ओढायचं, असं आमचं चाललं होतं. आप्पांनी ठरवून टाकलं होतं, दसऱ्याला खड्डा बुजवायचा. आमच्या वस्तीवर दुसरा विणणारा उरला नव्हता. खड्डा बुजला की आमची घोंगडी संपली, एवढं ते साधं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. सुटले एकदाचे, असंच वाटत होतं.

मामांनी चपला काढल्या आणि ते स्वतः खड्ड्यात उतरले. एकेक पावडी पायानं दाबून बघितली. मग त्यांनी आप्पांना विचारलं, “ही तयार झाली म्हंजी कसं कळतं तुमाला?”

“कसं म्हंजी? खोळ झाली पायजे,” आप्पा म्हणाले.

आप्पांनी घोंगडी घेतली, एक टोक आत मुडपून डोक्यावर टोपरं केलं आणि बाकीची पाठीवरून पोटरीपर्यंत सोडली. ही खोळ. मेंढरांमागे दिवस दिवस झडीत उभं राहणाऱ्या माणसाचं ते घर असतं. आमच्या वस्तीवरच्या एकानं मध्यंतरी प्लास्टिकचा कोट आणला होता. वारं सुटलं की तो फडफडायचा आणि मेंढरं बुजून चौफेर पळायची, म्हणून त्यानं तो शेवटी कडब्यावर टाकला. आप्पांनी हे सगळं सांगितलं, आणि मामा ऐकत होते. त्यांना त्या दिवशी सगळं ऐकू येत होतं.

त्या दिवसापासून ‘खोळ’ हा शब्द मामांच्या तोंडी बसला तो कायमचा. पोरानं वेल्डिंग केलं की विचारायचे, “खोळ होती का याची?” प्राचार्यांनी नवीन नियम काढला, तरी तेच. पोरांना काही कळायचं नाही. मला कळायचं आणि मी मान खाली घालायची.

नेमकं त्याच सुमारास पुण्याच्या एका ऑफिसातून आमच्या संस्थेला काम आलं. पारंपरिक कारागिरांसाठी सुधारित माग बनवायचा. सोबत छापील ड्रॉइंग होतं. लोखंडी सांगाडा, नटबोल्ट, आणि रुंदी दोन फूट. त्यावर टेबलावर अंथरायचे तुकडे आणि पिशव्या विणायच्या होत्या. ड्रॉइंग स्वच्छ होतं, मला आवडलं. मामांनी त्याची गुंडाळी केली आणि तिनं लेथवरचा लोखंडाचा बुरा झाडला.

“माग वस्तीवर ठरंल,” ते म्हणाले.

आणि खरोखर तसंच केलं त्यांनी. रविवारी दुपारी वस्तीवरच्या लिंबाखाली सगळ्यांना बसवायचे. कागद आणायला मला बंदी. माग जमिनीवर, राखेनं, खऱ्या मापाचा काढायचा, आणि आप्पांना त्यावर नेऊन बसवायचं. “पाय कुठं येतोय? हात कुठवर जातोय?” असं विचारत ते राख पुसायचे आणि पुन्हा ओढायचे. शेळ्या येऊन अर्धा माग खाल्ल्यासारखा तुडवून जायच्या. मामा म्हणायचे, “बरं झालं, तिथं चुकलंच व्हतं.”

बायका लांब, ओट्याशी बसायच्या. तिसऱ्या की चौथ्या रविवारी माझी आई तिथूनच काहीतरी पुटपुटली.

मामांचा हात कानाला गेला. “आवाज आला न्हाई, वहिनी. परत सांगा.”

आई बावरली. बाईमाणसाला ‘परत सांगा’ म्हणणारा पुरुष आमच्या वस्तीनं पहिल्यांदाच बघितला. ‘परत बोललीस तर बघ’ म्हणणारे होते. आईनं पदर सारखा केला आणि मोठ्यानं म्हणाली, “म्या म्हन्लं, ह्याला पाना लागाया नको. पावसाचा माग आत घ्यायचा, उघडीप पडली की भाईर काढायचा. ते करणार आमी बाया. पाना कोण हुडकत बसणार? आमची वाघूर बघा की.”

वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. चार खुंट ठोकले, जाळी ओढली की वाडा उभा. खुंट उपटले, की गाढवावर टाकून चालू पडायचं. आमचे वाडवडील याच बिऱ्हाडावर जगले.

मी लगेच विरोध केला. नटबोल्टशिवाय सांगाडा हलेल, ताण धरणार नाही, काटकोन राहणार नाही. सगळं पुस्तकातलं सांगितलं, आणि ते चुकीचं नव्हतं.

“पुस्तक बोललं,” मामा म्हणाले. “आता वाघूर बोलू द्या.”

बाभळीचे खुंट, लाकडी पाचरी आणि सुताचा पिळलेला दोर. ताण वाढला की दोर पाचरीला आणखी आवळायचा, अशी गाठ आईनं दाखवली. बैठक उंच केली, पावड्या वर घेतल्या. खड्डा नाही. पुण्याहून आलेलं लोखंड वर्कशॉपमध्ये होतं तसं पडून राहिलं, त्यातला एक खिळासुद्धा वस्तीवर गेला नाही. माग उभा राहिला आणि आप्पा कासरा न धरता, स्वतःच्या पायांनी त्यावर जाऊन बसले. आईनं डोळ्यांना पदर लावला. मी त्या वेळी दोर किती मिलिमीटर ताणतोय ते बघत होते.

पहिली घोंगडी मात्र फसली, आणि ती माझ्यामुळे फसली. उभे धागे ज्या फणीतून ओवतात तिची रुंदी किती ठेवायची, एवढं एकच माप मामांनी माझ्यावर सोडलं होतं. मी आप्पांची वापरातली घोंगडी घेतली, टेप लावली आणि तेवढीच रुंदी ठेवली. घोंगडी विणून झाली, भिजवून वाळवली, आणि आखडली. लोकर पहिल्या पाण्याला आखडते, हे आमच्या वस्तीवरचं शेंबडं पोरही सांगेल. मी वापरातल्या, आखडून बसलेल्या घोंगडीचं माप घेतलं होतं. विणकराची लेक, डिप्लोमा होल्डर, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आप्पांनी ती डोक्यावर घेतली. पुढं काठाला काठ मिळेना, आणि खाली कशीबशी गुडघ्यापर्यंत आली. सगळी वस्ती हसून हसून बेजार.

“खोळ झाली न्हाई,” आप्पा म्हणाले, आणि तेही हसायला लागले.

मला वाटलं मामा बोलतील. दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये गेले तर ती आखूड घोंगडी माझ्या ड्रॉइंगबोर्डवर घडी घालून ठेवलेली. त्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘वाळलीचं माप’. माझ्या नालायकपणाचं ते सर्टिफिकेट मी आजवर जपून ठेवलंय.

रागारागानं मी त्यांच्याशी भांडले. त्या मावळत्या कामाला कशाला जीव लावताय, म्हणाले. आप्पांना आता आराम करू दे. आमच्या पोरांना कंपनीत जाऊ दे. मेंढरांमागे ओलं होत फिरण्यात कसली आलीय संस्कृती? आणि मग तोंडातून निघून गेलं, “तुम्ही लोकांनी नाही का सोडली तुमची कामं? मग आम्हीच का धरून बसायची?”

बोलले आणि जीभ चावली. मामा तेलाच्या उपड्या डब्यावर बसले होते. खुर्चीवर ते कधी बसायचेच नाहीत. हातातलं कापड त्यांनी बाजूला ठेवलं.

“व्हय, सोडली,” ते म्हणाले. “माझ्या आज्यानं मेलेली ढोरं वढली. माझ्या बापानं एक दिवस ठरवलं, न्हाई वढायची. गावानं वाळीत टाकलं, तरी न्हाई वढली. आमी आमचं काम सोडलं ते आमी ठरवून सोडलं, ड्रॉइंगबाई. छाती काढून सोडलं. तुमचं काम तुमी सोडताय का? तुज्या बापाचं काम त्याचा गुडघा सोडतोय, आन् पुण्याचं ऑफिस सोडतंय, आन् तू लाजून सोडतीयस. सोडायचं तर तुमी ठरवा आन् सोडा. म्या सोताच्या हातानं खड्डा बुजवाया येईन. पर ठरवणारा दुसरा नको.”

मी ती आखूड घोंगडी उचलली आणि माझ्या पिशवीत घातली.

दुसरी फणी रुंद केली. या वेळी माप आप्पांनी आपल्या हातांनी, वीत-वीत टाकून दिलं, आणि वर चार बोटं आखडायला. ती घोंगडी झाली आणि तिची खोळ झाली. पोटरीपर्यंत. मग मी घरी बसून, कुणाला न सांगता, त्या मागाचं ड्रॉइंग केलं. ट्रेसिंग पेपरवर, शाईनं, एकेक पाचर मोजून. मला त्या मागाचा अभिमान वाटायला लागला होता. कोपऱ्यात मी माझं नाव घातलं नाही. आप्पांचं आणि आईचं घातलं, आणि वस्तीचं.

मग पुण्याहून साहेब आले. जीप थेट वस्तीवर आली, सोबत प्राचार्य. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी माग नीट बघितला, आप्पांना विणायला लावलं, कौतुकही केलं. मग म्हणाले, “छान आहे. फक्त रुंदी दोन फूट करा. घोंगडी आता घेतं कोण? आम्ही कारागिरांना बाजारात चालेल असं काम देतोय.” आणि त्यांनी बॅगेतून नमुना काढला. मऊ, रंगीत, दोन फुटी तुकडा.

“जरा उसना द्या, साहेब,” मामा म्हणाले. त्यांनी तो डोक्यावर घेतला. कानांपर्यंतच आला. ते तसेच लिंबाखाली उकिडवे बसले. “वहिनी, एक कळशी आणा.”

आईनं एकदा आप्पांकडे बघितलं आणि कळशी आणली. भर उन्हात तिनं ती मामांच्या डोक्यावर ओतली. मामा नखशिखांत भिजले. मग आप्पा आपली खोळ घेऊन शेजारी बसले आणि आईनं दुसरी कळशी त्यांच्यावर ओतली. पाणी घोंगडीवरून ओघळून गेलं. मामांनी साहेबांचा हात धरून आप्पांच्या सदऱ्याला लावला. कोरडा.

“खोळ होत न्हाई, साहेब,” मामा म्हणाले. त्यांच्या मिशांतून पाणी ठिबकत होतं.

“अहो, ते टेबलासाठी आहे. डोक्यासाठी नाही.”

“मग टेबलाला इचारून बनवायचं व्हतं. डोक्याला कशाला इचारायला आलात?”

वस्ती हसली. साहेबांच्या बुटांत पाणी गेलं होतं, आणि ते हसणं त्यांच्या मनाला लागलं. ते कडक झाले. म्हणाले, “हे काम ऑफिसनं दिलंय. यातून झालेली वस्तू ऑफिसची. सोमवारी टेम्पो पाठवतो. माग शिरूरला न्यायचा, तिथं रुंदी कमी होईल आणि प्रशिक्षणाला लागेल.” मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही ड्रॉइंग केलं असेलच. ते द्या.”

प्राचार्य माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. माझी नेमणूक दर वर्षाला नव्यानं व्हायची आणि ते वर्ष संपत आलं होतं. ट्रेसिंगची गुंडाळी घरात, पत्र्याच्या पेटीवर होती. नुसतं ‘ड्रॉइंग नाही’ म्हणता आलं असतं.

“ड्रॉइंग हाय,” मी म्हणाले. “देणार न्हाई.”

चार वर्षांत मी पहिल्यांदा त्या लोकांसमोर आईच्या बोलीत बोलले. आवाज जेमतेम निघाला असेल.

“काय म्हणालात?” साहेबांनी विचारलं.

आणि मामा, डोक्यावरून पाणी गळतंय, हात कानाला. “आवाज आला न्हाई. परत म्हण.”

“देणार न्हाई!” मी ओरडलेच. “त्यो माग आप्पांचा हाय. कमी न्हाई व्हायचा.”

लिंबावरचे कावळे उडाले. आईनं हातातली कळशी खाली ठेवली. साहेब जीपमध्ये जाऊन बसले.

सोमवारी टेम्पो आला. ऑफिसचा एक माणूस, दोन हमाल, आणि माग ओळखून दाखवायला म्हणून मुद्दाम पाठवलेले मामा. मी वस्तीवरच होते, रजा टाकून. टेम्पोची धूळ दिसली तेव्हा आईनं दोघीतिघी जावांना हाक मारली. पाचरी निघाल्या, दोर सुटले. मी उभी राहून बघतेय तोवर मागाचा माग राहिला नाही. नुसती लाकडं, दोर आणि एक चादर. चादरीत फणी गुंडाळून आईनं ती ज्वारीच्या कणगीत घातली. मागाचे खुंट नेऊन वाड्याच्या खुंटांच्या रांगेत ठोकले, त्यांवरून जाळी ओढली आणि आत मेंढरं सोडली.

तो माणूस उतरला. “माग कुठंय?”

आप्पा वाड्याच्या दाराशी बसून चातीवर लोकर कातत होते. “बघा की,” म्हणाले.

त्यानं घरात बघितलं, गोठ्यात बघितलं, लिंबाखाली बघितलं. खड्डा तेवढा होता, नवा माग झाल्यावर बुजवलेला. शेवटी तो मामांवर उखडला. “तुम्ही बनवलाय ना? दाखवा मग!”

मामा वाड्याभोवती चालले. एकेका खुंटाला हात लावत. हे खुंट त्यांनी स्वतः तासले होते, डोळे मिटूनही ओळखले असते. चौथ्या खुंटाशी थांबून त्यांनी तो जरा हलवून बघितला. पक्का होता. मग आईकडे बघून म्हणाले, “वहिनी, पाना लागला न्हाई.”

“न्हाई लागला, भाऊ,” आई म्हणाली.

मग त्यांनी त्या माणसाच्या हातातला कागद घेतला आणि आपल्या सरळ अक्षरात लिहिलं, ‘माग उभा आढळला नाही.’ खाली सही. त्यातला ‘उभा’ हा शब्द त्यांनी एकदा बोटानं तपासून बघितला. खोटं सांगायचं नाही, मोठ्यानंही नाही आणि कागदावरही नाही, हे त्यांनी तिथंही पाळलं. टेम्पो रिकामा परत गेला. वळणावर धूळ खाली बसायच्या आत बायकांनी जाळी सोडायला घेतली, आणि चहाला उकळी फुटेपर्यंत आप्पा मागावर बसले होते.

माझी नेमणूक वाचली. कारण मामांनी लेखी दिलं की ड्रॉइंग न देण्याचा सल्ला त्यांनी मला दिला होता. त्यांनी खरं तर एवढंच म्हटलं होतं, की परत म्हण. ते मी त्यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, “त्योच सल्ला व्हता.” त्यांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका सांगितलं गेलं.

शेवटच्या दिवशी ते आले, सगळ्यांना जय भीम घातला. प्राचार्यांना दोनदा. लेथला जरा जास्त वेळ हात लावून उभे राहिले. संध्याकाळी आप्पा वस्तीवरून आले, काठी टेकत. त्या मागावर नव्यानं विणलेली एक घोंगडी त्यांनी मामांच्या हातात दिली. मामा घेत नव्हते. आप्पा म्हणाले, “माप तुमचं काढलंय. तुमी न्हाई घेतली तर दुसऱ्या कुणालाच व्हायची न्हाई.”

मे महिना होता. डांबर वितळत होतं. मामांनी तिथल्या तिथं टोक मुडपलं, घोंगडी डोक्यावर घेतली, आणि तसेच, काळी खोळ घेऊन, भर बाजारातून एसटी स्टँडकडे निघाले. मी आणि आप्पा मागे. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. वर्कशॉपची पोरं मागं मागं येत होती. दौंडच्या गाडीच्या दारात कंडक्टर म्हणाला, “मामा, पाऊस हाय का?”

“माप बघतोय,” मामा म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन बसले, खोळीसकट.

गाडी सुरू झाली. मला खूप काही बोलायचं होतं. गुडघ्याबद्दल, त्या भांडणाबद्दल, आणि चार वर्षं त्यांनी रोज सकाळी जे म्हटलं आणि मी ज्याला नमस्कार म्हणत राहिले, त्याबद्दल. मी खिडकीखाली गेले आणि म्हणाले, “जय भीम, मामा.”

खोळीतून त्यांचा हात बाहेर आला आणि कानाशी गेला.

“आवाज आला न्हाई. परत म्हण.”

मी परत म्हणाले. सगळ्या स्टँडनं मान वळवून बघितलं.